'हेल्पेड' की 'हेल्प्ट'? इंग्रजी शब्दांच्या शेवटी काय म्हणायचं, वाचा साधा नियम

गेल्या महिन्यातली गोष्ट. सहावीतली मुलगी रात्री इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचत होती. एका वाक्यात तिनं 'हेल्प्ट' असं वाचलं. मी बाजूला बसलो होतो. पुस्तकात डोकावलो, तर शेवटी 'ईडी' ही दोन अक्षरं स्पष्ट छापलेली. मी लगेच टोकलं, "शेवट खाऊ नकोस. 'हेल्पेड' म्हण." ती म्हणाली, "पप्पा, व्हिडिओत 'हेल्प्ट'च म्हणतात." मी म्हणालो, "व्हिडिओतलं राहू दे, पुस्तकात काय लिहिलंय ते वाच."

त्यानंतर दोन-तीन दिवस ती मनातल्या मनात वाचू लागली. मला चैन पडेना. मोबाईलवर डिक्शनरी उघडली, तो शब्द टाकला आणि स्पीकरचं बटण दाबलं. आवाज आला, 'हेल्प्ट'. पोरगी बरोबर होती, चुकलो होतो मी.

हे फक्त माझ्या घरातलं नाही. आज चाळिशीत असलेल्या आपल्या पिढीनं मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. म्हणजे आपल्या मुलांच्या कानावर इंग्रजी लवकर पडतंय, मोबाईलमुळे तर जास्तच. आणि त्यांना टोकणारे आपण, जे इंग्रजी ऐकून नाही तर अक्षरं बघून शिकलो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊन सगळ्यांसाठी लिहितो आहे. नियम एकदा कळला की अवघड काही नाही. गंमत म्हणजे त्याची किल्ली आपल्या मराठी व्याकरणातच आहे.

बाजारपेठेतल्या पाट्या वाचा

तालुक्याच्या कोणत्याही बाजारपेठेत उभे राहा आणि पाट्या वाचा. स्वीट्स. ट्रेडर्स, ज्वेलर्स, ट्रॅव्हल्स. क्लासेस. आपण सगळीकडे शेवटी 'स'च लिहितो आणि 'स'च म्हणतो. इंग्रजीतही या सगळ्यांच्या शेवटी 'एस' हेच अक्षर असतं. पण इंग्रजी बोलणारा माणूस हे शब्द तीन वेगवेगळ्या पद्धतीनं संपवतो.

- स्वीट्स : इथं शेवटी खरोखर 'स'.
- ट्रेडर्झ, ज्वेलर्झ, ट्रॅव्हल्झ : इथं शेवटी 'झ'. हा झ 'माझा'मधला, 'माझी'मधला नाही.
- क्लासिझ : इथं 'इझ' असा पूर्ण जादा आवाज.

आता 'माझा' आणि 'माझी' हे दोन शब्द एकदा मोठ्यानं म्हणून बघा. अक्षर एकच, पण आवाज दोन. 'माझा' म्हणताना जीभ दाताजवळ असते, 'माझी' म्हणताना मागे टाळूकडे जाते. 'बाजार', 'गाजर', 'जागा' यांतला ज सुद्धा 'माझा'च्याच जातीचा. इंग्रजीतल्या 'झेड'च्या आवाजाला सगळ्यात जवळचा आवाज हाच. फक्त इंग्रजीत जीभ टेकवायची नाही, आवाज मधमाशीच्या गुणगुणण्यासारखा लांबवायचा. या लेखात जिथं शब्दाच्या शेवटी 'झ' लिहिलाय, तिथं हाच आवाज समजा.

गळ्याला हात लावा, फरक कळेल

दोन बोटं गळ्याच्या घाटीवर ठेवा आणि 'सससस' असा आवाज काढा. बोटांना काही जाणवणार नाही, फक्त हवा जाते. आता तोंडाची ठेवण न बदलता गळ्यातून आवाज काढा, 'झझझझ'. बोटांना कंप जाणवेल, मोटर सुरू झाल्यासारखा. स आणि झ यांच्यात एवढाच फरक. तोंड तेच, मोटर बंद किंवा चालू.

आपल्या व्याकरणात याला नाव आहे, कठोर व्यंजन आणि मृदू व्यंजन. दहावीला आणि स्पर्धा परीक्षेला हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. क, ख, च, छ, ट, ठ, त, थ, प, फ आणि श, ष, स ही कठोर. ग, ज, ड, द, ब, न, म वगैरे मृदू. य, र, ल, व आणि सगळे स्वर यांनाही गळ्यात कंप असतोच, म्हणून त्यांना आपण मृदूच्या रांगेत बसवू.

व्यंजनसंधी आठवते का? जगत् आणि ईश मिळून 'जगदीश' होतं. पुढं स्वर आला म्हणून त् चा द् झाला. उलट विपद् आणि काल मिळून 'विपत्काल'. पुढं कठोर क आला म्हणून द् चा त् झाला. कारण साधं आहे. शेजारशेजारच्या दोन आवाजांत एकदा मोटर बंद आणि लगेच चालू करणं जिभेला जड जातं, म्हणून एक आवाज दुसऱ्यासारखा होतो. इंग्रजीत नेमकं हेच होतं. फरक एवढाच, की आपल्या संधीत पुढच्या आवाजामुळे मागचा बदलतो आणि इंग्रजीत मागच्या आवाजामुळे शेवटचा 'एस' किंवा 'ईडी' बदलतो.

नियम पहिला : शेवटी 'एस' असेल तर

मूळ शब्द कोणत्या आवाजावर संपतो ते बघायचं. स्पेलिंग बघायचं नाही, आवाज ऐकायचा.

१) मूळ शब्द स, झ, श, च, ज अशा आवाजावर संपत असेल, तर 'इझ'. बसिझ, बॉक्सिझ, प्राइसिझ, व्हिलेजिझ, टीचिझ, वॉशिझ. स ला लगेच स जोडला तर ऐकूच येणार नाही, म्हणून मध्ये 'इ' घालावा लागतो.

२) क, ट, प, फ, थ अशा बाकीच्या कठोर आवाजावर संपत असेल, तर 'स'. क्रॉप्स, ग्रेप्स, बुक्स, मार्क्स, वर्क्स, हेल्प्स.

३) बाकी सगळीकडे 'झ'. बॅग्झ, सीड्झ, अनिअन्झ, फार्मर्झ, टोमॅटोझ, कम्झ, गोझ, लिव्झ.

हा नियम चार ठिकाणी जसाच्या तसा लागतो. पहिलं, अनेकवचन. दुसरं, तो किंवा ती काय करते हे सांगणारं क्रियापद. तिसरं, मालकी दाखवणारा 'एस', म्हणजे आपला 'चा, ची, चे'. आणि चौथं, 'इझ'चं जोडून बोललेलं छोटं रूप. 'इट इझ'चं 'इट्स' होतं, पण 'ही इझ'चं 'हीझ' होतं. ट कठोर, ई स्वर. नियम तोच.

आपल्या नावांना लावून बघा

मालकीचा 'एस' आपल्या नावांना लावला की नियम पक्का डोक्यात बसतो.

- दीपकचा : दीपक्स. प्रतापचा : प्रताप्स. गणपतचा : गणपत्स. तिन्ही कठोर, म्हणून 'स'.
- सुनीताचा : सुनीताझ. किशोरचा : किशोर्झ. अनिलचा : अनिल्झ. म्हणून 'झ'.
- रमेशचा : रमेशिझ. विकासचा : विकासिझ. सूरजचा : सूरजिझ. म्हणून 'इझ'.

विकाससारख्या नावात बरेच जण गोंधळतात. नावातच स आहे, मग आणखी एक कशाला, असं वाटतं. पण इंग्रजीत 'विकासचं शेत' म्हणताना 'विकासिझ' असंच म्हणतात.

आणखी एक गोष्ट इथं लक्षात ठेवण्यासारखी आहे. मराठीत 'शेतकऱ्याचा' आणि 'शेतकऱ्यांचा' यांत अनुस्वार असतो आणि तो ऐकूही येतो. इंग्रजीत एका शेतकऱ्याचा, अनेक शेतकरी आणि अनेक शेतकऱ्यांचा, या तिन्हींचा उच्चार एकच, 'फार्मर्झ'. वरचा स्वल्पविराम 'एस'च्या आधी की नंतर, हा फरक फक्त लिहिण्यात. ऐकताना मागच्या-पुढच्या शब्दांवरून समजून घ्यायचं. त्यामुळे हा फरक कानाला पकडता आला नाही तर कमीपणा मानू नका, तो तिथं नसतोच.

मात्र एका ठिकाणी मालकी आणि अनेकवचन वेगळं ऐकू येतं. 'वाइफ' म्हणजे बायको. बायकोचा म्हणायचं तर 'वाइफ्स', पण अनेक बायका म्हणायचं तर 'वाइव्झ'. तिथं स्पेलिंगही बदलतं. आणि 'हाउस'चं अनेकवचन होताना मधला स सुद्धा झ होतो, 'हाउझिझ'. हे दोन शब्द पाठच करावे लागतात.

नियम दुसरा : शेवटी 'ईडी' असेल तर

होऊन गेलेली गोष्ट सांगताना क्रियापदाला 'ईडी' लागतो. इथंही तीनच प्रकार.

१) मूळ शब्द ट किंवा ड वर संपत असेल, तरच 'इड'. वॉन्टिड, नीडिड, स्टार्टिड, प्लान्टिड, सिलेक्टिड.

२) बाकीच्या कठोर आवाजावर संपत असेल, तर 'ट'. हेल्प्ट, वर्क्ट, पास्ट, वॉश्ट, फिनिश्ट, वॉच्ट, आस्क्ट.

३) बाकी सगळीकडे 'ड'. लिव्ड, प्लेड, कॉल्ड, ओपन्ड, लर्न्ड.

यातले दोन प्रकार आपण रोज बरोबरच बोलतो, फक्त लक्षात येत नाही. 'रिटायर्ड' म्हणतो, 'रिटायरेड' म्हणत नाही. 'रजिस्टर्ड' पोस्ट म्हणतो, 'सर्टिफाइड' बियाणं म्हणतो. तिथं ड. आणि 'लिमिटेड' कंपनी म्हणतो. तिथं मूळ शब्द ट वर संपतो, म्हणून जादा आवाज. राहिला फक्त मधला प्रकार, 'ट'चा. तिथंच आपण अडखळतो, कारण लिहिलेला असतो 'डी' आणि म्हणायचा असतो 'ट'.

मग लिहितात एक आणि बोलतात एक, असं का?

हा प्रश्न मुलंही विचारतात. उत्तर असं, की काही शतकांपूर्वी इंग्लंडमध्ये हा 'ईडी' बहुतेक ठिकाणी खरोखर 'एड'सारखा म्हटला जायचा. मालकीच्या 'एस'आधीही 'ई' हे अक्षर असायचं आणि त्याचा आवाजही असायचा. बोलता बोलता तो मधला आवाज गळून गेला. विल्यम कॅक्सटन यानं १४७६ साली इंग्लंडमध्ये पहिला छापखाना सुरू केला. छपाई वाढली तसं स्पेलिंग हळूहळू ठरून गेलं, पण बोलणं बदलतच राहिलं. मालकीच्या 'एस'वर दिसणारा स्वल्पविराम हे त्याच गळालेल्या अक्षराचं चिन्ह.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही. आपण 'घर' लिहितो, पण शेवटच्या र मधला अ बोलत नाही. 'करतो' लिहितो आणि 'कर्तो' म्हणतो. जुन्या पुस्तकांत 'कांहीं', 'नांव' असं छापलेलं दिसतं. न बोलले जाणारे असे अनुस्वार १९६२ च्या लेखन नियमांनी आपण काढून टाकले. इंग्रजीनं अशी साफसफाई केली नाही, एवढाच फरक.

जुना उच्चार काही शब्दांत अजून टिकून आहे. नेकिड, विकिड, सेक्रिड हे शब्द ट-ड वर संपत नसूनही 'इड' घेतात. कोर्टात वकील समोरच्या वकिलाला 'माय लर्निड फ्रेंड' म्हणतात. तिथं अर्थ 'विद्वान'. पण 'मी शिकलो' म्हणताना 'लर्न्ड'. असे शब्द मोजकेच आहेत. आणखी एक नेहमी लागणारा शब्द म्हणजे 'यूस्ट टू', म्हणजे पूर्वी असं करायचो. 'वापरलं' या अर्थी मात्र 'यूझ्ड'.

इंग्रजांची मुलं हे कशी शिकतात?

१९५८ साली अमेरिकेत जीन बर्को या संशोधक बाईंनी लहान मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र काढलं आणि त्याला 'वग' असं मनानंच नाव दिलं. चार ते सात वर्षांच्या मुलांना चित्र दाखवून म्हटलं, हा एक वग, आता हे दोन आहेत, दोन काय? बहुतेक मुलांनी 'वग्झ' असं बरोबर सांगितलं. हा शब्द जगात कुणी ऐकलेलाच नव्हता, म्हणजे पाठ असण्याचा प्रश्नच नाही. नियम कानानं आत उतरला होता, तो सांगता येत नसला तरी.

त्यातही एक गोष्ट आपल्याला धीर देणारी आहे. जिथं 'इझ' लावायचा होता, तिथं तीच इंग्रजी मुलं बरीच चुकली. म्हणजे हा शेवटचा प्रकार त्यांच्याही जिभेवर उशिरा बसतो. आपल्या मुलाला वेळ लागला तर तो ढ आहे असं समजू नका.

खरा फायदा ऐकताना

कुणी म्हणेल, 'वर्केड' म्हटलं तर काय बिघडतं, समोरच्याला कळतंच की. खरं आहे. बोलताना बहुतेक वेळा निभावून जातं. अडचण येते ती ऐकताना. आपण डोक्यात 'वर्केड' धरून बसलो की फोनवरचा 'वर्क्ट' पकडता येत नाही. पुढचा शब्द स्वरानं सुरू होत असेल तर शेवटचा ट त्याला जाऊन चिकटतो आणि 'वर्क्ट इन' हे 'वर्क-टिन' असं ऐकू येतं. मुलाखतीत प्रश्न समजला नाही की उत्तर येत असूनही पोरं गप्प बसतात. आणि गप्प बसलं की समोरच्याला वाटतं, याला काही येत नाही.

स आणि झ च्या फरकानं तर अर्थच बदलतो. 'राइस' म्हणजे तांदूळ, 'राइझ' म्हणजे वाढ. 'प्राइस' म्हणजे भाव, 'प्राइझ' म्हणजे बक्षीस. 'आइस' म्हणजे बर्फ, 'आइझ' म्हणजे डोळे. झ च्या आधीचा स्वर थोडा लांबतो, हीसुद्धा एक खूण. भाववाढीला 'प्राइस राइझ' म्हणतात. त्या दोन शब्दांत दोन्ही आवाज आहेत. सरावासाठी याच्यापेक्षा चांगली जोडी नाही.

मुलाखतीसाठी ही वाक्यं घोटून घ्या

मुलाखतीत नेहमी आधी स्वतःबद्दल आणि घराबद्दल विचारतात. म्हणजे हे शेवट तिथं लागणारच.

- माय फादर्झ नेम इझ... (वडिलांचं नाव)
- ही ग्रोझ अनिअन्झ अँड ग्रेप्स. (ते कांदा आणि द्राक्षं पिकवतात)
- माय ब्रदर वर्क्स इन पुणे. (भाऊ पुण्यात काम करतो)
- आय पास्ट ट्वेल्फ्थ. (मी बारावी पास झालो)
- आय हेल्प्ट माय फादर. (मी वडिलांना मदत केली)
- आय स्टेड ॲट होम. (मी घरी राहिलो)
- आय स्टार्टिड अ स्मॉल बिझनेस. (मी छोटा व्यवसाय सुरू केला)

घरातली नावं, पिकं, गाव बदलून स्वतःची वाक्यं तयार करा. प्रत्येक शब्दाच्या शेवटाला गळ्यावर बोट ठेवून खात्री करा.

मोबाईलवर असा सराव करा

१) डिक्शनरीत शब्द टाकून स्पीकरचं बटण दाबा. आधी स्वतः म्हणा, मग ऐका. उलट केलं तर नुसती नक्कल होते.

२) कीबोर्डची भाषा इंग्रजी करून माईकचं बटण दाबा आणि एकेक शब्द बोला. 'प्राइस' आणि 'प्राइझ' वेगवेगळे उमटतात का बघा. पूर्ण वाक्य बोललं तर मोबाईल अंदाजानं शब्द भरतो, म्हणून सुटा शब्दच बोला. एखाद्या वेळी त्याचाही अंदाज चुकतो, लगेच खचून जाऊ नका.

३) रोज दहा शब्द पुरे. वहीत तीन रकाने पाडा, स, झ आणि इझ. दुसऱ्या पानावर ट, ड आणि इड. दिवसभरात कानावर पडलेले शब्द त्यात भरत जा.

आणि हो, मराठी बोलताना 'ट्रेडर्स', 'क्लासेस' म्हणणं अजिबात चूक नाही. ते शब्द आता आपले झालेत, आपल्या पद्धतीनंच म्हणायचे. पाट्या बदलायची गरज नाही. हा नियम इंग्रजी बोलताना आणि ऐकताना वापरायचा.

पालकांना एकच विनंती. मूल मोठ्यानं इंग्रजी वाचत असेल आणि काही खटकलं, तर टोकण्याआधी स्पीकरचं बटण दाबून बघा. मी ते उशिरा दाबलं. नंतर मुलीला म्हणालो, "तुझंच बरोबर होतं." ती हसली आणि म्हणाली, "मग आता तुम्ही वाचा, मी ऐकते." आता रात्री धडा ती वाचते, एक परिच्छेद मीही वाचतो. माझा 'आस्क्ट' अजून नीट येत नाही, तिचा येतो.